दूध कोण तोडते?

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या सात दिवसांत स्तनपान सप्ताह साजरा होतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही त्या निमित्ताने फलक लागतात, दीपप्रज्वलन होते आणि भाषणे होतात. भाषणांचा मजकूर ठरलेला असतो. आईचे दूध अमृत आहे. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. पूर्वीची माता दोन-दोन, तीन-तीन वर्षे लेकराला अंगावर पाजीत असे, आजची माता मात्र अज्ञानाने किंवा आधुनिकतेच्या नादाने या कर्तव्यात उणी पडते. समोर बसलेल्या बायका हे मुकाट्याने ऐकून घेतात. त्यांतील कित्येकींचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. याचा हिशेब मात्र व्यासपीठावरून कोणी मांडीत नाही.

या भाषणांतील पहिले वाक्य खरे आहे. जन्मल्यापासून सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर किमान दोन वर्षांपर्यंत स्तन्यपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि तीबद्दल वैद्यकशास्त्रात गंभीर मतभेद नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्यांशी. लेकराचे दूध केव्हा तोडावयाचे हा निर्णय आईच्या ममतेवर किंवा शहाणपणावर अवलंबून असतो, आणि एके काळी आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता, असे ही वाक्ये गृहीत धरतात. हे गृहीतकच मुळात खोटे आहे. ते खोटे आहे असे म्हणावयास आता केवळ तर्कावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. महाराष्ट्राच्याच मातीतून निघालेली, तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेकरांची हाडे आणि दुधाचे दात यांची साक्ष उपलब्ध आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामामागची माणसे. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातील शेतकऱ्यांची ती वसाहत होती. बार्ली हे त्यांचे मुख्य पीक. ते गाई-बैल आणि शेळ्या-मेंढ्या पाळीत, पाण्यासाठी त्यांनी पाटही काढला होता. ताम्रपाषाणयुग आणि जोर्वे संस्कृती हे शब्द आपण शालेय पुस्तकांत वाचलेले आहेत. त्या शब्दांच्या मागे जी माणसे होती ती येथे भेटतात.

आणि त्यांची मुलेही भेटतात. इनामगावच्या घरांच्या जमिनीखाली मृतांना पुरलेले आढळले. त्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. तान्हे मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत ते मूल असे आणि मडकी घरातच जमिनीखाली पुरीत. नेवासे आणि दायमाबाद येथेही अशी बालदफने सापडली आहेत. ज्या जमिनीवर चूल पेटत असे आणि पुढचे मूल रांगत असे, तिच्याखाली आधीचे मूल असावे, यामागची भावना काय असेल ते प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. त्या बायकांना आपली मुले प्यारी नव्हती, असे म्हणण्याचे धाडस निदान कोणी करू नये.

हाडांवरून आणि दातांवरून बालकाच्या आहाराचा माग कसा काढतात, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अन्यथा ही सर्व कल्पनेची भरारी वाटावयाची. दाताचे कवच झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे थराथराने तयार होते. दुधाच्या दातांचे कवच मूल पोटात असतानाच घडू लागते आणि जन्मानंतरचे काही महिने घडत राहते. त्या अवधीत उपासमार झाली किंवा मोठे आजारपण आले, तर थर नीट बसत नाही आणि कवचावर खाच किंवा खळगा राहतो. हाड पुढे बदलत राहते, परंतु दाताचे कवच एकदा घडले की बदलत नाही. म्हणून ती खाच म्हणजे त्या महिन्याची कायमची नोंद होय.

दुसरा मार्ग रसायनशास्त्राचा. नायट्रोजनचे हलके आणि जड असे दोन प्रकार निसर्गात आढळतात. खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण खाद्यापेक्षा थोडे वाढते. अंगावर पिणारे मूल एका अर्थाने आपल्या आईच्या शरीरावरच पोसले जात असल्याने त्याच्या हाडांतील हे प्रमाण आईपेक्षा हजारी दोन-तीन भागांनी अधिक भरते. दूध तुटले की ते हळूहळू उतरून वस्तीतील मोठ्या माणसांच्या पातळीला येते. निरनिराळ्या वयांच्या बालकांची हाडे तपासली तर त्या वस्तीत दूध साधारणपणे केव्हा तुटत होते ते कळते. १९८९ पासून ही पद्धत रूढ झाली. आपल्यासारख्या उष्ण देशात हाडांतील कोलॅजन टिकणे कठीण, म्हणून येथे दातांची साक्ष अधिक मोलाची ठरते.

दातातील बेरियमच्या प्रमाणावरूनही दुधाचा आणि वरच्या अन्नाचा काळ वेगळा करता येतो. बेल्जियममध्ये सापडलेल्या एका निअँडर्थल बालकाच्या दाढेचा असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते मूल सात महिने केवळ दुधावर होते, पुढचे सात महिने दूध आणि वरचे अन्न दोन्ही घेत होते आणि चौदाव्या महिन्याच्या सुमारास त्याचे दूध एकाएकी तुटले. आई दगावली असेल, दुरावली असेल किंवा तिचे दूध आटले असेल. लाख वर्षांपूर्वीच्या एका लेकराच्या आयुष्यातील तो आघात एका दाढेने जपून ठेवला. आपल्या कचेऱ्यांतील किती नोंदवह्या एवढ्या प्रामाणिक असतील?

इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शूग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील बालकांच्या हाडांवरून त्यांची वाढ तपासली. त्यांचे पुस्तक २०११ मध्ये आले. इनामगावच्या वसाहतीत इ. स. पू. १००० च्या आसपास एक मोठे स्थित्यंतर होते. त्यापूर्वीच्या जोर्वे काळात प्रशस्त चौकोनी घरे आहेत, तर उत्तर-जोर्वे काळात लहान गोल झोपड्या. शेती आणि गुरे कमी झाली आणि शिकारीवरचा भार वाढला. या उत्तरकाळातील बालकांची शरीरे वयाच्या मानाने खुरटलेली आणि वजनाने हलकी आहेत, असे शूग यांना आढळले. शिवाय जननप्रमाण वाढलेले आणि बालमृत्यूही मोठे, अशी या उतरत्या काळाची लोकसंख्या त्यांना दिसते. इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्तीच उठून गेली.

या हाडांवरून अमुक मुलाचे दूध अमुक महिन्यात तुटले असे सांगता येणार नाही. शास्त्राने जेवढे सिद्ध केले त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालू नये. आणखीही एक सावधगिरी आवश्यक आहे. दफनांत सापडतात ती मेलेली मुले. जी जगली आणि मोठी झाली त्यांच्या बालपणाची कथा त्यांत पुरती येत नाही. एवढे सांभाळूनही एक गोष्ट उरतेच. वाढ खुंटण्याचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे केवळ दुधावर भागेनासे होते आणि वरचे अन्न पुरेसे किंवा स्वच्छ मिळत नाही, तो. सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंतचा हा पूल आहे. घरात धान्य, हाताशी जनावराचे दूध आणि जवळ स्वच्छ पाणी असेल, तर मूल तो ओलांडते. यांतील एकेक खांब ढासळला, की आई तीच असते, तिची माया तीच असते आणि मूल मात्र मडक्यात जाते.

येथे स्तन्यपानाचे अर्थशास्त्र स्पष्ट केले पाहिजे. वारंवार अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला सामान्यतः लवकर दिवस जात नाहीत; पाजण्यामुळे बीजनिर्मिती लांबते. कलहारी वाळवंटातील कुंग लोकांत बायका मुलाला दिवसभर जवळ बाळगून तासातून अनेकदा पाजीत आणि दोन बाळंतपणांत जवळजवळ चार वर्षांचे अंतर राही, हे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. शेती आली, मडकी आली, धान्याची मऊ पेज शिजू लागली. दूध लवकर तोडणे त्यामुळे शक्य झाले. पेरणी, खुरपणी, कापणी, दळण-कांडण यांमुळे ते पुष्कळदा भागही पडले. दूध लवकर तुटले की पुढचे मूल लवकर. पुढचे मूल लवकर म्हणजे आधीच्याचा आईवरचा हक्क लवकर संपला. धान्य भरपूर तोवर हे गणित वस्ती वाढविते; धान्य आटले की तेच गणित मुले मारते. दूध तोडण्याचे वय आईच्या दिवसातील कामाच्या तासांवर आणि घरातील धान्यावर ठरते. ही ममतेची मोजणी नव्हे.

इनामगावचा ऱ्हास का झाला यावर विद्वानांत वाद आहे. ढवळीकरांनी हवामान अधिक कोरडे झाल्याचे कारण पुढे मांडले. हवामान हे एकच कारण पुरे पडत नाही, माणसांनी शेती कशी केली आणि संकटाला तोंड कसे दिले हेही पाहिले पाहिजे, असा शूग यांच्या मांडणीचा रोख आहे. आम्हा मराठवाड्यातील माणसांना हा वाद परका वाटू नये. दर दुष्काळात पाऊस कमी पडला हे कारण सांगून हात झटकले जातात. पाणी कोठे गेले आणि धान्य कोणाच्या कोठारात राहिले हे विचारले की राजकारण केल्याचा आरोप होतो. इनामगावातही पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार सापडले. ते वस्तीच्या प्रमुखाचे असावे असे ढवळीकरांचे अनुमान आहे. म्हणजे धान्य कोणाच्या ताब्यात आणि त्याची वाटणी कोणी करावयाची, हा प्रश्न तीन हजार वर्षांपूर्वीही गावात होताच.

सुवर्णकाळाचे गोडवे गाणाऱ्यांना आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली पाहिजे. चरकसंहितेत धात्री म्हणजे दूध पाजणारी दाई कशी निवडावी, तिची प्रकृती, वय आणि दूध कसे असावे, याचा तपशीलवार विचार आहे. म्हणजे ज्यांना परवडत होते त्यांच्या घरी दुसऱ्या स्त्रीचे दूध मिळविण्याची सोय शास्त्रातच होती. आपल्या इतिहासात संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव कृतज्ञतेने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. १६५७ मध्ये पुरंदरावर महाराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, तेव्हा या शेतकरी घरातील स्त्रीने आपले दूध त्यांना दिले. धाराऊचा मान राहिला. परंतु शतकानुशतके मोठ्या घरांतून राबलेल्या बाकीच्या अनाम दायांची नावे कोणी जपली? मालकाच्या लेकराला पाजताना त्यांच्या स्वतःच्या लेकराचे पोट कशाने भरत होते? संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या प्रश्नाचेही उत्तर द्यावे.

त्याच काळातील युरोपही याहून वेगळा नव्हता. बव्हेरियात इसवी सनापूर्वीच्या बालकांच्या कबरींतून टोटी असलेली लहान मातीची भांडी निघाली. त्यांत गाई-शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश होते, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले. त्या मातांनीही आपल्या परीने उपाय शोधला होता आणि त्या उपायातही धोका होताच. आईच्या दुधाला पर्याय शोधणे हे आधुनिक स्त्रीचे पाप नसून काम आणि मूल यांच्या कात्रीत सापडलेल्या सर्व काळांतील स्त्रीची ती धडपड आहे. आधुनिक आहे ती या धडपडीवर उभी राहिलेली बाजारपेठ.

आता हिंगोलीकडे वळू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. सोयाबीन, कापूस आणि हळद ही त्याची नगदी पिके. वसमतच्या हळदीचे नाव दूरवर पोचले आहे, आणि त्याचा आनंद आहे. परंतु हळद खणून निघाली की ती वेचणाऱ्या, मोडणाऱ्या हातांत बायकांचे हात किती, हे शेतावर जाऊन पाहावे. सोयाबीनची सोंगणी बहुधा गुत्त्याने असते. एकराचा दर ठरतो आणि जितके लवकर शेत मोकळे होईल तितके टोळीच्या पदरात पडते. अशा कामात मध्येच उठून झाडाखालच्या झोळीतील लेकराला पाजावयास गेलेली बाई सगळ्या टोळीचा वेळ मोडते. तिला कोणी अडवीत नाही. अडविण्याची गरजच नसते. गुत्त्याचा दरच तिला अडवितो. मग मूल घरी आजीजवळ किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ राहू लागते, त्याला चहात बुडविलेले बिस्कीट मिळते, आणि आईचे दूध हळूहळू आटते. व्यासपीठावरून याला अज्ञान म्हणतात.

ऊसतोडीची गोष्ट याहून निष्ठुर. बीड तर त्यासाठी प्रसिद्धच आहे, पण हिंगोलीच्या गावांतून आणि तांड्यांवरूनही माणसे उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडात जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत दोन माणसांची मिळून एक हत्यार अशी नोंद! त्या हत्याराला तान्हे मूल असू शकते ही शक्यता त्या वहीत नाही. बाई एक दिवस बसली तर खाडा पडतो आणि तो उचलीत चढतो. पहाटे अंधारात फडावर जावयाचे, मूल पाचटावर टाकावयाचे, मोळ्या वाहावयाच्या. या बाईला स्तनपानाचे महत्त्व पटवून देणाऱ्या पत्रकाचा कागद कितीही गुळगुळीत असला तरी तो तिची चेष्टाच करतो.

कायदा काय म्हणतो? १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये दुरुस्त झाला आणि बारा आठवड्यांची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. केवळ आईच्या दुधाचा काळ कायद्याने ओळखला, हे पाऊल खरोखरच पुरोगामी होय. पण कोणासाठी? संघटित आस्थापनेतील स्त्रीसाठी. शेतमजूर बाईची आस्थापना कोणती? तिचा मालक रोज बदलतो आणि हजेरीपट नसतो.

तिच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचे बंधन सरकारवर घातले. त्यानंतर २०१७ मध्ये आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यापुरते पाच हजार दिले. जननी सुरक्षेची रक्कम मिळविली की सरासरी सहा हजार भरतात, असा खुलासा करण्यात आला. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजारांची सोय झाली. दुसरा मुलगा झाला तर काहीच नाही. त्या मुलाला भूक कमी लागते की त्याच्या आईला? कायद्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द योजनेच्या वाटेवर कोठे गळाला, याचे उत्तर मिळालेले नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. म्हणून एक साधा भागाकार करतो. सव्वीस आठवड्यांचे दिवस होतात १८२. पाच हजारांना १८२ ने भागले की दिवसाला साडेसत्तावीस रुपयेदेखील पुरते येत नाहीत. विद्यापीठाच्या वर्गात शिकविणाऱ्या माझ्या सहकारी भगिनींना याच सहा महिन्यांचा पूर्ण पगार मिळत असे. तो मिळालाच पाहिजे. त्यात कपात सुचविणारा माणूस समाजवादी नव्हे. परंतु एकीचे दूध पूर्ण पगाराचे आणि दुसरीचे साडेसत्तावीस रुपयांचे, हा भेद कोणत्या आहारशास्त्रात बसतो? दोन्ही बालकांच्या दातांचे कवच एकाच नियमाने घडते.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. खडी फोडणाऱ्या बायकांची रांग, बाभळीला बांधलेल्या झोळ्या आणि सुकडीची वाट पाहणारी मुले आमच्या पिढीने पाहिली आहेत. त्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमीचा विचार दिला आणि पुढे सगळ्या देशाने तो उचलला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावे, अशी स्पष्ट तरतूद होती. मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र असे काम आहे, हे तत्त्व त्या एका कलमात मान्य झाले होते. इतकी क्रांतिकारक गोष्ट कायद्याच्या अनुसूचीत असावी आणि तिचा आग्रह ना पुढाऱ्यांनी धरावा ना संघटनांनी, याला काय म्हणावे? आम्ही मजुरीच्या दरासाठी मोर्चे काढले आणि झोळीतील मुलासाठी घोषणा लिहावयाचे विसरलो.

याचे परिणाम आकड्यांत उतरलेले आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले अवघी ११ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे प्रश्न केवळ दुधाचा नाही. दुधानंतरच्या पुलाचाही आहे. सहाव्या महिन्यात उष्टावण थाटात करावी, चांदीच्या वाटीत खीर ठेवावी आणि सातव्या महिन्यापासून त्या वाटीत काय पडते याची चौकशी करू नये, असा हा व्यवहार आहे. इनामगावच्या उतरत्या काळातील खुरट्या हाडांना आपण ‘ऱ्हासाची चिन्हे’ म्हणतो. मग आपल्या अंगणवाडीच्या नोंदवहीतील खुज्या मुलांना कशाची चिन्हे म्हणावयाची? प्रगतीची?

बाजाराने ही फट केव्हाच हेरली आहे. १९३९ मध्ये सिंगापूर येथे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी कृत्रिम दुधाच्या प्रचाराला बालहत्येच्या पंक्तीला बसविले होते. १९७० च्या दशकात गरीब देशांतील बालकांच्या मृत्यूंवरून नेस्ले कंपनीविरुद्ध जगभर बहिष्काराची चळवळ झाली. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता आली. भारताने १९९२ मध्ये कायदा करून आणि २००३ मध्ये तो कडक करून बालदुग्धाच्या जाहिरातींवर बंदी घातली. हा कायदा अभिमानास्पद आहे. परंतु बंदी भुकटीच्या जाहिरातीवर आली, भुकटीची गरज निर्माण करणाऱ्या कामाच्या तासांवर नाही. शिवाय आमच्या शास्त्राची एक जुनी लबाडी येथे कबूल केलीच पाहिजे. भुकटीचा डबा विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्न वाढते. आईने दूध पाजले की ते शून्याने वाढते. ऑस्ट्रेलियातील अर्थशास्त्रज्ञ ज्युली स्मिथ या आईच्या दुधाचे मूल्य राष्ट्रीय हिशेबात धरावे असे वर्षानुवर्षे मांडीत आल्या आहेत. जे मोजले जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही, आणि ज्याला जागा मिळत नाही त्याची पूजा केली की भागते!

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांपैकी मी नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोठेतरी दोन कृष्णविवरे आदळली, त्याचा कंप हिंगोलीच्या माळावर मोजला जाणार, ही माणसाच्या बुद्धीची थोरवी आहे. माझे म्हणणे एवढेच की मोजण्याची हीच निष्ठा गावाच्या शिवारातील आईच्या दिवसालाही लाभावी. ती किती तास वाकते, किती वेळा पाजू शकते, तिचे दूध कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कामाच्या हंगामात तुटते, याची मोजदाद करण्यासाठी कोट्यवधी रुपयांचे यंत्र लागत नाही. एक वही लागते आणि ती मांडण्याची इच्छा लागते.

एवढा पैसा आणावयाचा कोठून, हा आक्षेप अपेक्षितच आहे. पैसा आजही खर्च होतोच. फक्त तो नंतर होतो. कुपोषणाच्या उपचार केंद्रांवर, खुंटलेल्या बुद्धीच्या शिक्षणावर, अकाली थकलेल्या मजुराच्या औषधावर तो होतो, आणि त्याचा मोठा वाटा गरिबाच्या खिशातून जातो. दुसरा आक्षेप अधिक सभ्य स्वरात येतो. या बायका पिढ्यान्‌पिढ्या अशाच मुले वाढवीत आल्या, त्यांना सवय आहे, असे म्हणतात. इनामगावच्या जमिनीखालची मडकी हे या आक्षेपाचे उत्तर आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले कशी वाढली हे पाहताना पिढ्यान्‌पिढ्या किती पुरली गेली तेही मोजावे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. अन्नसुरक्षा कायद्यातील ‘प्रत्येक’ शब्दाचा अर्थ प्रत्येक असाच घ्यावा. पहिले-दुसरे आणि मुलगा-मुलगी हे भेद रद्द व्हावेत. ही रक्कम एकदाच फेकलेले बक्षीस न राहता सव्वीस आठवड्यांच्या किमान वेतनाशी जोडली जावी. अंगणवाडी काही तासांपुरती न राहता हंगामात शेताच्या वेळेप्रमाणे चालणारे पाळणाघर व्हावी, आणि त्यासाठी अंगणवाडी सेविकेवर फुकटचा बोजा न टाकता वेगळी, वेतन घेणारी बाई नेमावी. २०२२ च्या ‘पाळणा’ योजनेने याचे दार किलकिले केलेच आहे. ते सताड उघडावे. साखर कारखान्याच्या तळावर पाळणाघर नसेल तर गाळप परवान्यातच अट घालावी. तान्ह्या मुलाच्या आईचा खाडा उचलीत चढविणे हा गुन्हा ठरावा. सार्वजनिक पैशाच्या कोणत्याही रोजगार कामावर मुले सांभाळणारी मजूर स्त्री नेमली जात नसेल, तर त्या कामाची बिले अडवावीत. यांतील एकही मागणी चंद्र मागणारी नाही. बहुतेकांचे मूळ आपल्याच कायद्यांत आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये फलक पुन्हा लागतील. त्या वेळी व्यासपीठावर बसणाऱ्यांना वाचकांनी एकच प्रश्न उभे राहून विचारावा: समोर बसलेल्या बायकांचा आजचा रोज कोण भरून देणार? त्याचे उत्तर मिळेपर्यंत अमृताची व्याख्याने स्थगित ठेवावीत. आजच्या मुलांच्या दातांचेही थर याच दिवसांत बसत आहेत, आणि त्यांत राहिलेली खाच कोणत्याही सरकारी अहवालाला पुढे बुजविता येणार नाही.